कोरा कागद

"गळतंय की रे." भाऊजी दोन पावलं मागं सरकले. "ही पण जुन्याचीच बहीण दिसती."

थेंब्या वाकून खाली पडलेला थेंब बघत होता. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती बसणारं सील किती दम धरतं, हे तपासण्यात त्याचा जन्म गेलेला. थेंबावर डोळा ठेवून बसतो, म्हणून कारखान्यानं हे नाव पाडलं. भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे मालक, दुसऱ्या कारखान्यात पंपावर. तिथलं जुनं सील फुटलं, तापलेलं अ‍ॅसिड उडालं अन् त्यांचा डावा हात कोपरापर्यंत सोलवटला. नवं सील डोळ्यांनी बघितल्याबिगर त्या पंपापाशी उभा राहणार नाही, नोकरी गेली तर गेली, असं म्हणून ते घरी बसलेले. म्हणून साहेबांना विचारून थेंब्यानं त्यांना त्या नव्या सीलच्या चाचणीला आणलेलं. इथं यंत्रात नुसतं पाणी. दाब आणि वेग मात्र अस्सल.

गळती दिसावी म्हणून खाली अंथरलेल्या कागदावर आणखी एक थेंब पडला. थेंब्यानं यंत्र बंद केलं.

"जोडायच्या आधी सीलच्या कड्याला हात लावला होता?"

आरशासारखं चकाकत होतं, म्हणून जरासा अंगठा फिरवला, भाऊजी पुटपुटले.

"सासुरवाडीत दिसेल तिथं हात घालायची खोड गेली नाही तुमची."

त्यानं सील उकललं. समोरासमोर बसणारी दोन्ही कडी अंगठ्याचा मळ जाईपर्यंत धुतली, त्यांवर काच ठेवून पिवळ्या दिव्याखाली धरली. काचेत बारीक रेघा उमटल्या, सरळ, ताणलेल्या दोऱ्यासारख्या. म्हणजे कडी सपाट. पुन्हा जोडलं, खाली नवा कागद अंथरला, सुरू केलं. दांडा भिंगरीगत असा फिरला की उभाच आहे वाटावं.

कागद कोरा.

"एवढं घट्ट दाबलंय?"

"दाबलंय कुठलं. कडी एकमेकांना टेकत पण नाहीत. मधी पाण्याचा पापुद्रा आहे, केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा. आटला तर कडी जळतात, जाडावला तर गळतात. सगळा कारभार त्याच्यावर तरंगतोय."

भाऊजी वाकून बघू लागले. थेंब्याही बघत राहिला. इतकी सीलं फिरवली, पण कागद कोरा राहिला की त्याचा श्वास अजून हलका व्हायचा.

भाऊजींनी सोलवटलेला हात हळूच दांड्यावरच्या जाळीखाली, कागदावर धरला. बराच वेळ धरला. कोरडा.

"सोमवारी जातो कामावर," ते म्हणाले.

"जावा. पण आधी हात काढा. कागद दिसंना मला."

अन् स्टूल ओढून थेंब्या खाली वाकला.