तिसऱ्या कडव्यातला आवाज

त्यांना सगळे कवळीवालेच म्हणत. अर्ध्या शहरातल्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं. मागच्या खोलीत प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेणाचा वास आणि दात घासायच्या मोटरची दिवसभर घरघर. ती ऐकायला नको म्हणून कानांवर कायम हेडफोन.

तरुणपणी ते एका समूहगानाच्या मंडळात गात आणि त्या मंडळाचं एक गाणं चक्क रेकॉर्ड झालं होतं. ते कॉम्प्युटरवर घालून कवळीवाले रोज ऐकत. आल्यागेल्यालाही ऐकवत, त्यामुळे पाहुणे बेताचेच येत.

कॉम्प्युटर आणि हेडफोन यांच्यामध्ये बोटभर लांबीची एक डबी होती. तिला डॅक म्हणतात. कॉम्प्युटरमध्ये गाणं नुसत्या आकड्यांत साठवलेलं असतं, त्याचा ऐकण्याजोगा आवाज ही डबी करते. त्यांची डबी स्वस्तातली, गाण्यामागे सतत खरखरायची. त्यांच्याकडून रुग्णांच्या कवळ्या करून घेणाऱ्या दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी चांगल्या डॅकचं खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं आणि विटेएवढा नवा डॅक घरात आला. बायकोने विचारलं, आधीही गाणंच येत होतं ना?

पहिल्या दिवशी कवळीवाले हरखून गेले. खरखर बंद. गाणाऱ्यांचे श्वास ऐकू आले, कुणीतरी कागद उलटला तोही. मग तिसरं कडवं आलं आणि एक पुरुषी आवाज सगळ्यांच्या आधी आत घुसला, तोही बेसूर.

हे पोस्टमास्तरच असणार, त्यांची खात्री पटली. मंडळात नऊ वर्षं हा गृहस्थ शेजारी उभा राहून त्यांच्या कानात बोंबलला होता. संताप आवरेना म्हणून त्यांनी जुनी डबी पुन्हा लावून पाहिली. पण एकदा कळल्यावर तो आवाज खरखरीतूनही नेमका सापडायचा. शेवटी त्यांनी पोस्टमास्तरांना बोलावून हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले.

पोस्टमास्तरांनी डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं.

"हा मी नाही. मी याच्या शेजारी ओरडणारा."

"मग हा कोण?"

"तू."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. कवळीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, तर ती कपांकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मग पोस्टमास्तरांनी सगळं सांगितलं. कवळीवाले तालमीला सर्वांआधी येऊन खुर्च्या मांडायचे, त्यांना काढून टाकणं गाणं बसवणाऱ्या बाईंच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी पोस्टमास्तरांना शेजारी उभं केलं आणि जमेल तेवढं मोठ्याने गायला सांगितलं.

कवळीवाले उठून मागच्या खोलीत गेले. मोटर सुरू करून त्यांनी एक दात इतका घासला, की तो कुणाच्याच तोंडात बसण्यासारखा राहिला नाही.

दोन दिवसांनी त्यांनी बाईंना फोन लावला. मंडळ अजून चालू होतं. आपलं कुठे चुकतं ते आता कळलंय, जागा असली तर पुन्हा यावं म्हणतो, असं त्यांनी सांगितलं.

"या की," बाई म्हणाल्या. "येताना पोस्टमास्तरांनाही घेऊन या."

पोस्टमास्तरांनी घशाचं निमित्त काढून एक आठवडा टाळलं. मग गेले.