फवारणी मजुरांची बैठक, मजुरांशिवाय

आज घाटंजीत बैठक घेतली. विषय होता कीटकनाशक फवारणी करणाऱ्या मजुरांच्या सुरक्षेचं नवं धोरण. सगळ्यांचं म्हणणं ऐकून अहवाल पाठवायचं काम माझ्याकडे.

फवारणीची औषधं विकणारे कृषी केंद्रवाले आले, शेतकरी आले, अधिकारी आले. मजूर एकही नाही.

बैठक संपून खुर्च्या उचलणं सुरू होतं, तेव्हा एक बाई आल्या. मागच्या हंगामात फवारणी करताना त्यांच्या नवऱ्याची नजर गेली.

"मॅडम, फवारणी सुरू हाय, मजूर आज कसा येईन? बाजाराच्या दिवशी ठेवाची होती. त्या दिवशी कोणी कामाले जात नाही."

हे मला माहीत होतं. बैठकीची आधी ठरलेली तारीख बाजाराच्या दिवसाचीच होती. त्या दिवशी दुकानात गर्दी असते म्हणून कृषी केंद्रवाले नको म्हणाले, आणि मी ती बदलली.

हे त्या बाईंना सांगायची हिंमत झाली नाही. मी हजेरीपत्रक पुढे केलं. मजूर प्रतिनिधींच्या रिकाम्या रकान्यात त्यांनी सही केली आणि विचारलं, "आमचं म्हणणं आता कोणाले सांगू?"

ऐकायला मी एकटीच उरले होते.

अहवालातलं 'मजुरांशी चर्चा झाली' हे वाक्य त्या एका सहीवर उभं आहे. अहवाल लिहून झालाय, अजून पाठवला नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर पाठवला असता?