चार वाट्यांचं सूप

गिरणी बंद पडल्यावर बाबा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मूळचे मालवणकडचे. ब्लडप्रेशर वाढून पायांना सूज यायला लागली, तेव्हा डॉक्टरबाईंनी मीठ कमी करायला सांगितलं. बाबांनी लोणचं, पापड सोडले. वर्सोव्याहून यायची ती सुकी मच्छीही सोडली, पण ते त्यांना फार जड गेलं. अर्ध्या जेवणावरून उठायचे. मग स्वतःच वाकोल्याच्या दुकानातून टोमॅटो सूपची पाकिटं आणायला लागले. संध्याकाळी एक पाकीट उकळायचं, टीव्हीसमोर बसून संपवायचं.

सूज काही उतरेना. बाईंनी विचारलं, "पाकिटातलं काय खाता?"

बाबा म्हणाले, "काय नाय. नुसता सूप."

पुढच्या खेपेला मी बाबांबरोबर रिकामं पाकीट घेऊन गेले. बाईंनी ते उलटं केलं आणि मागचा तक्ता माझ्यापुढे धरला. "या तक्त्यात मीठ शोधू नका. सोडियम बघा, मिठातलं तेच."

एका वाटीसमोरचा आकडा मला फारसा मोठा वाटला नाही. तसं बोलले.

"हा एका वाटीचा. पाकीट किती वाट्यांचं आहे?"

वर बारीक अक्षरांत चार लिहिलं होतं.

"आणि बाबा किती घेतात?"

बाबा पंख्याकडे बघत होते. "अख्खं," मी म्हणाले.

"मग चारने गुणा." घटकांच्या यादीवरही त्यांनी बोट ठेवलं. जे जास्त, ते आधी लिहितात, म्हणाल्या. मीठ बरंच वर होतं.

रिक्षा घराजवळ आल्यावर बाबा एकदम म्हणाले, "म्हणजे माका सुकट सोडूक लावलास आणि मी हयसर मीठ पितंय?"

"सुकटीतही होतंच ना, बाबा."



सूप बंद झालं. घरी टोमॅटो उकडून, लसूण-मिरी घालून मी सार करायचे. बाबा ते पाणचट आहे असं रोज सांगून प्यायचे. हळूहळू सूज कमी झाली. ब्लडप्रेशरची गोळी मात्र तीच राहिली.

आता घरात येणारं प्रत्येक पाकीट आधी बाबांच्या हातात जातं. इंग्रजी त्यांना धड वाचता येत नाही, पण सोडियम हा शब्द ते ओळखतात. परवा त्यांना तो गोड बिस्किटांच्या पुड्यावर सापडला.

"ह्या गोडात पण?"

"असतं थोडं."

त्यांनी पुडा पुन्हा डोळ्यांजवळ नेला, एक बिस्कीट काढून चहात बुडवलं, आणि बाकीचा पुडा माझ्याकडे सरकवला.