पडदा काळा, मशीन जिवंत

कॉम्प्युटरचा पडदा अचानक काळा झाला की जिचा चेहरा खुलतो, अशी साऱ्या दिल्लीच्या पट्ट्यात एकच व्यक्ती आहे आणि ती आमच्या घरातली आहे. माझ्या नवऱ्याची मावशी, म्हणजे माझ्या मावससासूबाई. वय सदुसष्ट, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, राहणार गाझियाबाद, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी गुरुग्रामच्या एका कंपनीत पंधरा वर्षं सॉफ्टवेअरचं काम करते, तरी पडदा काळा झाला की मी आधी दुसऱ्या कुणालातरी फोन लावते. मावशी मात्र पदरानं चष्मा पुसतात, खुर्ची ओढून मशीनसमोर बसतात आणि माहेरी रुसून आलेल्या लेकीला विचारावं तशा मऊ आवाजात म्हणतात, "बोल बाई, काय झालं?"

हा नाद त्यांना का लागला, तेही सांगायला हवं. मावशी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नकाशे काढायच्या. आधी शाईनं, मग कॉम्प्युटरवर. ज्या सॉफ्टवेअरवर ते काढले जात, ते बनवणारी कंपनी एक दिवस बंद पडली आणि नव्या मशीनवर जुने नकाशे उघडेनात. त्यात मावशींचं अकरा वर्षांचं काम होतं. "अगं, नकाशा माझा, रेघ न् रेघ माझी, आणि कुलूप मात्र तिसऱ्याचं!" हे सांगताना आजही त्यांचा आवाज चढतो. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की जे आतून सगळ्यांना वाचायला खुलं नाही, ते आपल्या मशीनमध्ये घालायचं नाही. मशीन चालवायला त्यांनी घेतलं ते लिनक्स, तेही पूर्ण मुक्त. बंद ड्रायव्हरचा, म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणाऱ्या पण आतून वाचता न येणाऱ्या प्रोग्रॅमचा, एक कणही त्यांना चालत नाही. एकादशीच्या खिचडीत कुणी चुकून कांदा चिरून घालावा, तसं त्यांना होतं. आता पंचाईत अशी, की पडद्यावर चित्र उमटवणारं जे ग्राफिक्स कार्ड असतं, त्यातली नवी कार्डं बहुधा आपल्या कंपनीची बंद फाइल, म्हणजे फर्मवेअर, मिळाल्याशिवाय जागची हलत नाहीत. मग पडदा काळा होतो, नाहीतर चित्र जाडंभरडं दिसतं. थोडक्यात, मावशींनी तत्त्वच असं निवडलं, की ज्यात काळा पडदा ठरलेलाच. मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, म्हणतात, "आमच्याकडे पडदा लागला की आम्ही टाळ्या वाजवतो."

म्हणून मावशी जुनी कार्डं जमवतात. जुनी बिचारी साधी असतात, कुणाची फाइल मागत नाहीत. ही कार्डं मऊ धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून स्वयंपाकघरात, स्टीलच्या डब्यांत ठेवलेली असतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी बेसन म्हणून डबा उघडला आणि आत पंख्यासकट तीन कार्डं निघाली. दिल्लीत नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात त्यांना सगळे दुकानदार ओळखतात. एकदा एका नवख्यानं त्यांच्यापुढे चकचकीत कार्ड ठेवलं. मावशींनी विचारलं, "भैया, इसका फर्मवेअर खुला है क्या?" तो म्हणाला, "मैडम, डिब्बा तो आपके सामने ही खोला है।"

त्यांची एक वही आहे. त्यात प्रत्येक मशीनचं दुखणं मराठीत, वळणदार अक्षरात लिहिलेलं असतं. "पडदा काळा, मशीन जिवंत." "हिरव्या आडव्या रेघा, तापल्यावर वाढतात." "चित्र डावीकडे सरकलंय, मालक उजवीकडे मान वाकडी करून बघतात." डॉक्टरांचे केसपेपर वाचता येत नाहीत, हे येतात, एवढाच फरक. आणि पडदा कुणाचाही असो, कुठलाही असो, मावशींना चूक दिसली की बसवत नाही. गुरुग्रामला माझ्या सहकारी मैत्रिणीच्या लग्नात मोठ्या पडद्यावर नवरीचे फोटो दाखवत होते. चित्र आडवं ताणलं गेलं होतं, त्यामुळे सगळं सासर-माहेर रुंद दिसत होतं. मावशी हातातली जिलबी ठेवून उठल्या, साउंडवाल्यांच्या गर्दीत शिरल्या आणि दोन मिनिटांत परत आल्या. "नवरीचं दहा किलो वजन उतरवून आले," म्हणाल्या आणि जिलबी उचलली.

हे सगळं मी हसत हसत सांगत असे, मुनिरक्याची गोष्ट घडेपर्यंत.

दक्षिण दिल्लीत मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत यवतमाळची एक मुलगी राहायची, काकांच्या जुन्या मित्राची भाची. विदर्भातल्या जुन्या तलावांवर ती पीएच.डी. करत होती. पाच वर्षं उन्हातान्हात हिंडून तिनं तलावांचे साठ नकाशे तयार केले होते. तिचं मशीन मावशींनीच लावून दिलेलं, अर्थातच पूर्ण मुक्त. प्रबंध द्यायला चार दिवस उरले असताना कुणीतरी तिला जोरदार नवं कार्ड भेट दिलं, नकाशे लवकर उघडावेत म्हणून. तिनं ते बसवलं आणि पडदा काळा झाला. घाबरून तिनं आधीचंच कार्ड परत घालायचा प्रयत्न केला, तर ते खाचेत तिरकं बसलं आणि त्याचा काठ मोडला. शनिवारी सकाळी आम्ही गाझियाबादलाच होतो, तेव्हा तिचा फोन आला. रडत होती. "मावशी, सगळं गेलं यार!"

"काही गेलेलं नाही. मशीनला हात लावू नकोस. नाश्ता केलास?"

त्यांनी स्टीलचा डबा पिशवीत टाकला आणि मी त्यांच्याबरोबर निघाले. मेट्रोच्या तपासणीत एक्स-रे मशीनमधून डबा गेला आणि जवानानं तो उघडायला लावला. "माताजी, ये क्या है?" "कार्ड हैं बेटा, पुराने." "ताश के?" "नहीं, इनसे तो हारा हुआ भी जीत जाता है," असं म्हणून मावशी पुढे गेल्या.  गाडीत मला राहवलं नाही. "मावशी, रागावू नका, पण बंद ड्रायव्हर टाकला तर दहा मिनिटांचं काम आहे. पोरीच्या पाच वर्षांचा प्रश्न आहे." त्यांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. "मलाही तेच खातंय गं," एवढंच म्हणाल्या.

चार मजले चढून वर गेलो. मावशींनी कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबलं. बारीक दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. "बघ, मशीन जिवंत आहे, फक्त दिसत नाहीये." मग माझा लॅपटॉप तारेनं त्याला जोडून, त्या न दिसणाऱ्या मशीनमधून त्यांनी आख्खा प्रबंध आणि साठही नकाशे बाहेर काढले, पेन ड्राइव्हवर घातले आणि तो मुलीच्या हातात ठेवला. तिनं तो ओढणीच्या टोकाला बांधला.

मग मावशी तिच्यासमोर बसल्या. "आता नीट ऐक. मशीन तुझं, प्रबंध तुझा. बंद ड्रायव्हर टाकलास तर नवं कार्ड लगेच चालेल. ही सूनबाई तो बसवून देईल. मी रागावणार नाही, अगदी खरं सांगते. माझा हट्ट तुझ्या डोक्यावर नको."

मुलीनं डोळे पुसले. "तुमच्याकडे दुसरा उपाय आहे?"

"आहे बहुतेक. पण बहुतेकच."

"मग संध्याकाळपर्यंत बघू या," ती म्हणाली. "नाही जमलं तर ताई आहेतच."

डब्यातलं पहिलं कार्ड लागलं, पडदा काळाच. दुसऱ्यानं हिरव्या रेघा काढल्या. तिसरं, सगळ्यात जुनं, ते लागलं आणि अक्षरं आली! पण चित्र इतकं ठोकळेबाज, की तलाव चौकोनी दिसत होते आणि नकाशातली नावं वाचता येईनात. मी घड्याळ बघितलं, चार वाजले होते. "कार्डाला या पडद्याचं माप कळत नाहीये," मावशी म्हणाल्या. "आपण सांगू." त्यांनी पडद्याच्या मागचं लेबल वाचलं, वहीत रुंदी, उंची, सेकंदाला किती वेळा चित्र बदलायचं ते लिहिलं आणि त्यावरून निघालेली आकड्यांची लांबलचक ओळ मशीनला दिली. चूक. पुन्हा दिली. पुन्हा चूक. तिसऱ्या वेळी पडदा पूर्ण काळा झाला आणि मुलगी माझ्याकडे बघू लागली.

मग तलाव आला. काठाकाठानं, प्रत्येक वळण, बांधावरची बारीक झाडंसुद्धा. मुलीनं मावशींना मिठीच मारली. पण मावशींचं लक्ष नकाशाकडे होतं. कितीतरी वेळ त्या बघत होत्या. "ही किनार तू स्वतः चालून काढलीस?" "हो मावशी, पायी." "दिसतंय," त्या म्हणाल्या. मग बोटानं दाखवलं, "फक्त उत्तर दाखवणारा हा बाण जरा सरळ कर." मी नवऱ्याला फोन लावला आणि सगळं पहिल्यापासून दोनदा सांगितलं.

प्रबंध वेळेवर गेला. ते आकडे आणि ती सगळी कृती मुलीनं मराठीत लिहून काढली आणि ओळखीपाळखीत वाटली. आता मावशींना इंदूरहून, भोपाळहून फोन येतात. मी ऑफिसात सगळ्यांना सांगते, की त्या बाई माझ्या मावससासू. एकदोघांनी तर त्यांच्याकडून कॅप्स लॉकची युक्ती माझ्यामार्फत शिकून घेतली.

गेल्या महिन्यात मी नवा लॅपटॉप घेतला आणि कौतुकानं त्यांना दाखवायला नेला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, चारही कडांवरून बोट फिरवलं. कुठंच स्क्रू नव्हता.

"हा उघडत नाही का गं?"

"नाही मावशी. चिकटवलेलाच येतो."

"आणि आत काही बिघडलं तर?"

"तर... नवा घ्यायचा."

 त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला. "छान आहे हो. किती हलका आहे," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मी तो मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. आतून कपबशांचा आवाज येत होता. पंधरा वर्षं मी या क्षेत्रात आहे, पण आपण ज्यात काम करतो त्याची त्या दिवशी मला पहिल्यांदाच थोडी लाज वाटली. आणि त्या घरात सून म्हणून आले, याचा अभिमान त्याहून कितीतरी जास्त.