भावकीचे बारा फोन

“काढला? समद्यांनी काढला?”

“काढला म्हंजे? चाचणीतनं बाहीरच पडलो की. सुतक हाय बे. सुतकात खेळ खेळत्यात का कुणी?”

“आन मला इचारायचं न्हाई?”

“तुला काय इचारायचं? तूबी भावकीतलाच हायस. तुलाच कळाय पायजे.”

चुलतभाऊ प्रविण हे अगदी सरळ तोंडानं बोलला. टायर उचकायची लोखंडी पट्टी आदिनाथच्या हातात तशीच राहिली.

तलवाड्यात गेवराईच्या रस्त्याला आदिनाथचं पंक्चरचं दुकान. त्याआधी आठ हंगाम त्यानं ऊस तोडला. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं. फळी लवते, पाय घसरतो, खालून मुकादम बोंबलतो. ह्याचाच त्यानं मोबाईलवरचा खेळ केला. दीड वर्ष लागलं. जुना लॅपटॉप, दुकानातलं स्टूल आन गिऱ्हाईक नसंल तेवढा वेळ. दसरा झाला की टोळ्या कारखान्याकडं निघतात. त्याआधी खेळ फोनच्या स्टोअरवर लागावा आन आपल्या टोळीनं तिकडं चार जिल्ह्यांच्या माणसांना दाखवावा, एवढी एकच हाव त्याला होती.

पण नव्या माणसाचा खेळ स्टोअर तसाच लावत नाही. आधी बारा जणांनी चाचणीत नाव घालायचं आन सलग चौदा दिवस त्यात राहायचं. मधी खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आदिनाथनं हिशोब केला, परकी माणसं चार दिवसांत कंटाळतील, भावकी कुठं जाती? बाराच्या बारा फोन त्यानं भावकीतलेच धरले. प्रविण परळीला वीज केंद्रात कामाला. कुठं दाबायचं ते त्यानंच भावकीच्या ग्रुपवर सगळ्यांना शिकवलं. भावकीतली थोरली भिवराबाई, नव्वदीच्या पुढची, नातवाच्या फोनात बघून म्हणली, “असल्या फळीवरून म्या जलमभर चढले. आता बोटानं चढू का?”

दहा दिवस बाराचा आकडा हलला नाही. अकराव्या दिवशी भिवराबाई गेली.

आदिनाथनं खांदा दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडून आला, दुकान उघडलं आन लॅपटॉप लावला. एकच दिवस राहिला, ह्या खुशीत. आकडा शून्य. नेट गेलं असंल म्हणून त्यानं सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. शून्य. मग मातीला परळीहून आलेल्या प्रविणला बोलावून घेतलं.

“तेरावा झाला की परत घालतो की,” प्रविण म्हणला.

“तवर दसरा सरंल. टोळ्या जातील.”

“मग चैतात घालू. म्हातारीपेक्षा खेळ मोठा हाय का?”

शिव्या तोंडाशी आल्या, पण द्याव्यात कुणाला? माणसांनी म्हातारीचा मान राखला. आपण खांदा दिला, राख सावडली आन तरी खेळ बंद करायचं आपल्या ध्यानातसुद्धा आलं नाही, हे कळून तो आणखीच हबकला.

बाकड्यावर गावकुसाबाहेरच्या वस्तीवरचा भारत बसला होता. त्याच्या टेंपोची ट्यूब पाण्याच्या टबात पडली होती आन तो सगळं ऐकत होता.

“बारा माणसं पायजेत का?” त्यानं विचारलं.

“चौदा दिवस.”

“मग आमच्या वस्तीवर कावून आला न्हाईस?”

आदिनाथनं मान वर केली.

“आठ हंगाम तुझ्याम्होरं फळीवर मी चढलो. आन तू खेळ केलास हे मी आज ऐकतोय. तुमची म्हातारी गेली तर आमच्या फोनला सुतक लागतंय व्हय?”

प्रविण रस्त्याकडं बघाया लागला. शून्य बघून बसला नव्हता असा झटका आदिनाथला आता बसला. बारा नावं काढताना भारतच्या वस्तीवरचं एक नाव त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मुद्दाम टाळलं असतं तर काहीतरी कारण सांगता आलं असतं. टाळलंसुद्धा नव्हतं.

“भारत, म्या...”

“ऱ्हाऊ दे. कुठं दाबायचं ते सांग.”

भारतनं दाबलं. थोड्या वेळानं लॅपटॉपवर शून्याचा एक झाला.

“संजय, राजश्री, आमची आई... सांच्यापतूर बारा करतो. पर दसऱ्याच्या आत व्हतंय का?”

“न्हाई व्हत.”

“मग टोळी जाऊ दे बिगर खेळाची. आन आधी पंक्चर काढ. आईला दवाखान्यात न्यायचंय, ती कवाची पिशवी घेऊन दारात बसलीय.”

आदिनाथनं लॅपटॉप मिटला. ट्यूब पाण्यात दाबून फिरवली, बुडबुडे निघाले तिथं बोट दाबलं, पुसून कोरडी केली, खडूनं खूण केली आन कानशीनं घासायला बसला.