वरातीत निघालेली धावपट्टी

हसायचं असेल तर आधी बशी खाली ठेवा बाप्पा! मागं हाच किस्सा सांगतला तर आमच्या व्याह्याले असा ठसका लागला का चहा नाकातून बाहेर आला. अन् चूक कोणाची? माझी. सोळा आणे माझी!

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांतासंगं होता, राजधानी नागपूर. मी चिखलीत गॅसबत्त्या भाड्यानं देत होतो. लग्नाची वरात निघाली का माझी माणसं डोक्यावर बत्त्या घेऊन दोन्ही बाजूनं चालत. उंद्रीचा असो का जळगाव जामोदचा, कोणताच नवरदेव माझ्या उजेडाशिवाय पुढं सरकत नव्हता. गर्व होता मले. थोडाथोडका नाही, लय होता!

त्याच दिवसांत एका विमानकंपनीनं गावाबाहेरच्या माळावर धावपट्टी केली. नागपूरहून लहानसं विमान यायचं अन् कापसाचे व्यापारी उतरायचे. पण ते भरदिवसा. एक दिवस तार आली, का इंजिन बिघडल्यानं उशीर झाला, विमान दिवेलागणीले येईन. कंपनीच्या बाबूनं जमिनीवर कंदील मांडले, तर गवत कंदिलापेक्षा उंच! वरून पायलटले काय दिसणार, कपाळ?

बाबू धापा टाकत माझ्या दुकानात आला. "बत्त्या काढा हो, असतील तेवढ्या! जळगावचे भगवानराव बसून येऊन राह्यले त्याच्यात."

अहो, भगवानराव म्हणजे कोण? त्यांच्या गोदावरीले मी पाहून आलो होतो. मले पसंत, तिले पसंत, माझ्या मायनं तर लुगडंही घेऊन ठेवलं होतं. पण भगवानराव अडून बसले. "बत्तीवाल्याले पोरगी देऊ? पोरगा काही कामाचा आहे का, ते पाहू द्या आधी."

अन् आता तेच भगवानराव माझ्या उजेडात आभाळातून उतरणार! सुखरूप उतरले तर गोदावरी माझी. नाही उतरले तर... राम राम, ते तोंडातूनही काढू नये.

मी म्हटलं, "बत्त्या जमिनीवर काऊन ठेवता? डोक्यावर ठेवू!" माळावर दोन रांगा उभ्या केल्या, मधात रुंद पट्टी मोकळी. सगळ्यात पुढं किसन, माझा जुना भरवशाचा बत्तीवाला. काय झकास दिसत होतं म्हणता!

तिथंच थांबलो असतो तर हा किस्साच झाला नसता. पण मले अक्कल जास्त ना! होणारे सासरे पहिल्यांदा आभाळातून येऊन राह्यले, अन् स्वागत कोरडं करायचं? मी सनई-ताशेवाले बोलावले. त्याहिले बजावलं, "विमान दिसलं का वाजवा, कसर ठेवू नका!"

विमान दिसलं. सनईवाल्यानं गाल फुगवले. ताशा कडाडला.

अन् धावपट्टी चालू लागली!

आता सांगा, त्या बिचाऱ्यांची काय चूक? सारा जन्म ज्याहिनं वाजंत्री वाजली का पाय उचलला, ते उभे राहतीन? किसननं गावातल्या मारुतीच्या देवळाकडं तोंड केलं अन् निघाला. त्याच्यामागं दोन्ही रांगा, मस्त डुलत डुलत. विमान खाली आलं, पायलटनं पाह्यलं तर पट्टी पुढं पुढं जाऊन राह्यली! घरघर करत त्यानं विमान पुन्हा वर घेतलं. वाजंत्र्यांना वाटलं, पाहुणे खूश झाले. त्याहिनं आणखी जोर केला!

मी धोतर सावरत धावलो. "थांबा! अरे थांबा!"

पण वरातीत थांबा कोण म्हणते? ज्याले नाचायचं असते तो! ताशेवाल्यानं लगेच नाचाचा ठेका धरला. बत्तीवाले थांबले खरे, पण नाचणाऱ्यासाठी गोल घेर करून. मधात मी एकटा, हात हलवून राह्यलो. किसन म्हणतो, "वा मालक! नाचा, नाचा!"

वर विमान चकरा मारून राह्यलं. त्यातलं तेल संपलं तर? शेवटी सनईवाल्याच्या तोंडातली सनईच ओढून घेतली, तेव्हा कुठं शांतता झाली.

"कान उघडून ऐका!" मी ओरडलो. "सनई वाजो, ताशा वाजो, खुद्द नवरदेव घोड्यावर बसून निघून जावो! मी 'चला' म्हणल्याशिवाय एकानंही पाय उचलला, तर माझ्याशी गाठ आहे!"

साऱ्याहिनं मारुतीची शपथ घेतली. पुन्हा रांगा लागल्या. विमान आलं, दोन उड्या मारल्या अन् थांबलं. मी मटकन खालीच बसलो अन् लहान पोरासारखा रडलो, खोटं काऊन सांगू?

पायलट नागपूरचा होता. उतरल्या उतरल्या म्हणतो, "काय बे! बिनउजेडाची पट्टी पाह्यली, चिखलाची पाह्यली, पन मले पाहून पळून जानारी पट्टी आजच पाह्यली!"

मागून भगवानराव उतरले. पागोटं गळ्यात, तोंड पांढरंफटक. "बत्त्या कोनाच्या?"

"माझ्याच जी."

"अन् हे वाजंत्री?"

"तेही... माझेच."

मले वाटलं, आता संपलं सारं. पण पायलट म्हणाला, "बुवा, शेवटी यानंच रांग सरळ केली म्हनून खाली आलो आपन." भगवानराव असे हसले का पागोटं पार सुटलं. "देली पोरगी! पन लग्नात कोनाले आभाळात नको पाठवू."

तर लग्न ठरलं जळगावले, रातच्या मुहूर्तावर. बत्त्या घरच्याच, माणसं घरचीच. मी घोड्यावर, कपाळाले बाशिंग, तोंडावर रुमाल. सनई वाजली, घोडा निघाला. थोडं पुढं गेलो तर समोर अंधार. माझ्या डोळ्यांपुढं बाशिंगाच्या मुंडावळ्या, मले काय दिसते! घोड्याले कडब्याचा वास आला. तो वळला एका गल्लीत, अन् मी बाशिंगासकट कडब्याच्या गंजीत!

भगवानराव कंदील घेऊन शोधत आले. "जावईबापू, तुमी कुठं उतरले? पट्टी तर मांगच राह्यली!"

त्यांच्यामागून किसन आला, रिकाम्या हातानं, पण छाती फुगवून. बत्त्यांच्या दोन्ही रांगा तिकडं जानोशाच्या, आमच्या उतरायच्या घराच्या, दारातच उभ्या होत्या, एकदम सरळ.

"मालक," तो म्हणतो, "तुमी सांगतलं तसंच केलं! खुद्द नवरदेव घोड्यावर बसून निघून गेला, तरी एकाचा पाय हलू देला नाही!"