माझा दोष किसनभाऊंच्या पदरी

पानावर आडवा हात धरून 'पुरे' म्हणणाऱ्या माणसाशी किसनभाऊ कधी वाद घालत नसत. बुंदीची बादली कमरेला टेकवून तिथंच उभे राहत आणि विचारत, "म्हाताऱ्याचा गुडघा कसा हाय रं?" समोरचा उत्तर देताना हात हलवी, तेवढ्यात पानात मूठभर बुंदी पडलेली असे. "पानात जागा दिसती, म्हंजी मानूस उपाशीच," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. बेडसे लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात लग्न असो की सप्ताह, गोड वाढायचा मान त्यांचा. तो त्यांना कुणी दिला नव्हता. पण दुसऱ्या कुणी बादली उचलली, तर पंगतीलाच चुकल्यासारखं व्हायचं.

भाऊ आमच्या शेताचे शेजारी. वडील गेल्यावर आमचा भातही तेच लावून घेत. मी विमानाचा पायलट झालो याचं त्यांना भारी कौतुक. आमच्याकडे प्रवासी भरून नेणारी वडापची जीप चालवणाऱ्यालाही थट्टेनं पायलट म्हणतात, म्हणून पाहुण्यांना ते मुद्दाम सांगत, "ह्यो वडापवाला न्हाई बरं का, वरचा हाय." आणि माझ्या पोटावर थाप मारून, "एवढं वजन घिऊन उडतंया, म्हंजी इंजीन दमदार असनार!"

इंजिन दमदार होतं, मी नव्हतो. वजन एकशे सव्वीस किलो, त्यात रक्तदाब. वैद्यकीय तपासणीत 'तात्पुरता अपात्र' असा शेरा बसला. ते प्रमाणपत्र नसेल तर वैमानिक घरी बसतो. मी वजन उतरवण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. वर्षभरात अडतीस किलो उतरले. आता फेरतपासणीत दाखवायचं होतं की वजन स्थिर आहे, रक्त ठीक आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर एकदाही शुद्ध हरपलेली नाही. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. पण तुंगार्लीच्या आमच्या राहत्या घरी एकदा सकाळी न्हाणीघरात आणि एकदा गाडी लावून उतरताना, असा दोनदा मी बेशुद्ध पडलो होतो. बायकोलाही कळू दिलं नव्हतं. सांगितलं तर उडणं संपलं. नाही सांगितलं तर स्वतःच्याच घरात भिंतीला हात लावत वावरायचं. मी दुसरं निवडलं आणि त्यात अडकलो.

फेरतपासणीला तीन आठवडे उरले असताना गावचा सप्ताह आला. काल्याच्या पंगतीत मी पानावर हात धरला. भाऊ उभे राहिले.

"पायलट, निम्मं झालायस रं! बायकू उपाशी ठिवती का काय?"

पंगत हसली. मीही हसलो, हात हलला. प्रसाद पानात टाकायचा नसतो. मी तो संपवला.

अर्ध्या तासानं देवळामागच्या पाण्याच्या टाकीपाशी मला दरदरून घाम फुटला. त्यानंतरचं आठवतं ते एवढंच, की माझं डोकं भाऊंच्या मांडीवर आहे आणि ते तोंडावर पाण्याचे हबके मारताहेत.

"दवाखान्यात चल."

"नको भाऊ. कुणाला बोलू नका. नोकरी जाईल माझी."

त्यांनी उपरण्यानं माझं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाले, "माज्या बुंदीनं झालं व्हय?"

तिथं मी खरं बोलू शकलो असतो. आधीच्या दोन्ही वेळी गोडाचा कणही पोटात नव्हता. पण मला एकदम उमगलं, की या माणसानं दोष स्वतःकडे घेतला तर तो तोंड उघडणार नाही.

"हो भाऊ," मी म्हणालो. "ऑपरेशननंतर गोड चालत नाही मला. पण तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

वर मीच त्यांची समजूत घालत होतो.

संध्याकाळी बायकोनं त्यांना विचारलं, "भाऊ, हे इतके पांढरे का पडलेत? चक्कर वगैरे आली होती का?"

"न्हाई गं सूनबाई, उनाचं आसंल." हे बोलताना ते स्वतःच्या हाताकडे पाहत होते.

फॉर्मवर 'शुद्ध हरपल्याचे प्रसंग' या ओळीपुढे मी 'नाही' लिहिलं. प्रमाणपत्र मिळालं.

पुढच्या सप्ताहात भाऊ पंगतीत दिसले नाहीत. देवळामागे पातेली घासत बसले होते. "भाऊ, हात आखडला व्हय?" माणसं चिडवत होती. "वय झालं बाबांनो," एवढंच ते म्हणाले. त्यांचा मुलगा संतोष मला सांगत होता, "दादा, घरीबी कुनाला घे म्हनत न्हाईत आता. पाव्हना पुरे म्हनला की लगीच भांडं उचलत्यात. काय झालंय कळत न्हाई." मी मान हलवली. दोन वर्षं मी नुसती मान हलवत राहिलो, आणि उडत राहिलो.

भाऊंनी अंथरूण धरलं तेव्हा भेटायला गेलो. संतोष औषधं आणायला कामशेतला गेला होता. घरात आम्ही दोघंच. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या.

"म्हंजी बुंदीचं न्हवतं," ते आढ्याकडे बघत म्हणाले.

"नव्हतं भाऊ."

"आजून येती चक्कर?"

"कधीमधी."

"तुज्या इमानात मानसं किती बसत्यात?"

"एकशे ऐंशी."

"त्यास्नी ठाव हाय?"

मी उठून त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. स्वतःच्या दोन वर्षांबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.

आता हेही लिहितो. त्या प्रश्नानंतरही मी अकरा उड्डाणं केली. अकराही वेळा प्रवाशांचं स्वागत माझ्याच आवाजात झालं. बाराव्या उड्डाणासाठी गणवेश चढवून विमानतळावर पोचलो, तेव्हा संतोषचा फोन आला, "म्हातारं गेलं, दादा."

मी तसाच ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यासमोर गेलो आणि म्हणालो, मी उडायला योग्य नाही. त्यानं फोनवरचं बोलणं ऐकलं असावं. लगेच उठून उभा राहिला. "सॉरी सर. तुम्ही निघा, मी दुसऱ्या कुणाला बोलावतो. घरचं कुणी होतं का?"

"ते कारण नाही," मी म्हणालो आणि खुर्ची ओढून न्हाणीघरातल्या त्या सकाळपासून सांगायला लागलो.